जाड काडतूस, अरुंद मॅगझिन

रायफलीचा विषय निघाला की माणसं नेमाबद्दल विचारतात. शंभर यार्डांवर तीन गोळ्या किती जवळ बसतात, दुर्बीण कुठली, नळी किती इंची. मॅगझिनमधलं (काडतुसांच्या पेटीतलं) काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, नीट जातं का, हे सहसा कुणी विचारत नाही. ते जाणारच, असं सगळे धरून चालतात. आखूड मॅग्नम, म्हणजे लांबीला कमी पण जास्त दारूच्या, काडतुसांच्या बाबतीत तसं धरून चालता येत नाही. या गोष्टीवर मी बराच काळ डोकं लावलं आहे, म्हणून आज सविस्तर लिहितो.

मी मूळचा खडकीचा. बाबा तिथल्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत फिटर होते. कारखाना १८६९ सालचा. तिथल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं ठोकलेली असत, आणि जुनी काडतुसं जमवणारे लोक इथे अमेरिकेतही ती अक्षरं बघून ‘खडकी’ म्हणून ओळखतात. मी मेकॅनिकल शिकलो, बाटल्या भरण्याच्या यंत्रांच्या धंद्यात शिरलो आणि त्याच कामानं कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला आलो. एकामागून एक वस्तू न अडकता ठरलेल्या जागी सरकवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा रायफलीचा दांडा, अडकलेला दिसला की तो का अडकला हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

शिकारीबद्दल थोडं आधीच सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी काहींना ते खटकेल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. कोलोरॅडोत एल्क हरणांची संख्या अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहे. हंगाम आणि परवाने राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, परवान्याआधी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. आमच्या घरी हिवाळाभर तेच मटण शिजतं. जनावराला कमीत कमी वेदना होऊन ते पडावं ही माझी जबाबदारी आहे, असं मी मनापासून मानतो, आणि पुढचं सगळं त्यातूनच आलं आहे.

एल्क सांबराहून मोठं हरीण. नर सहज तीनशे किलो भरतो आणि वर्मी लागलेली गोळी घेऊनही काही क्षण तसाच उभा राहू शकतो. म्हणून इथे मॅग्नम काडतुसं लोकप्रिय आहेत. त्यातलं जुनं जाणतं म्हणजे १९६३ सालचं .३०० विन्चेस्टर मॅग्नम. त्याची एकूण लांबी ३.३४० इंच, सुमारे ८५ मिलिमीटर, म्हणजे त्याला लांब बॉडीची रायफल लागते (बॉडी म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा). २००१ साली .३०० विन्चेस्टर शॉर्ट मॅग्नम आलं, बोलण्यात डब्ल्यूएसएम. लांबी २.८६० इंच, साडेबहात्तर मिलिमीटर. वेग मात्र जवळपास तोच, १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला सेकंदाला २,९५० फुटांच्या आसपास. पाठोपाठ .२७० आणि ७ मिलिमीटरची भावंडं आली, २००५ मध्ये .३२५ आलं. रेमिंग्टननंही त्याच सुमारास आपली शॉर्ट अ‍ॅक्शन अल्ट्रा मॅग्नम जोडी बाजारात आणली. बॉडी आखूड, रायफल थोडी हलकी, बोल्ट अर्धा इंच कमी ओढायचा. दहा हजार फुटांवर चढताना हलक्या रायफलीची किंमत कळते, आणि मी डब्ल्यूएसएम घेतली ती त्याच कारणानं.

लांबी कमी करून दारू तेवढीच बसवायची तर पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, जाड करावीच लागते. .३०-०६ या जुन्या काडतुसाची पुंगळी बुडाशी ०.४७० इंच, जेमतेम १२ मिलिमीटर. डब्ल्यूएसएमची ०.५५५ इंच, म्हणजे १४.१ मिलिमीटर. .३०-०६ चा खांदा, म्हणजे पुंगळी मानेकडे अरुंद होते तो भाग, साडेसतरा अंशांचा, घसरता. डब्ल्यूएसएमचा ३५ अंशांचा, जवळपास पायरीसारखा उभा. आणि बुडाची कड, जिला एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर खेचणारा आकडा) पकडतो, ती पुंगळीच्या अंगापेक्षा बारीक, ०.५३५ इंच. मॅग्नम बोल्टचं तोंड आधीपासून त्याच मापाचं होतं, त्यात हे काडतूस बसावं म्हणून ती बारीक ठेवली.

हा आकार मुळात आला कुठून, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आखूड, जाड पुंगळीत दारू जास्त एकसारखी जळते ही कल्पना बाकावर टेकवून केलेल्या नेमबाजीत रुजली. १९७५ च्या सुमारास लुई पाल्मिसानो हे डॉक्टर आणि फेरिस पिंडेल हे टूलमेकर या दोघांनी पीपीसी काडतूस तयार केलं, आणि त्या खेळात त्यानं पुढची अनेक वर्षं राज्य केलं. त्या खेळात रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवलेली असते आणि नेमबाज प्रत्येक काडतूस हातानं, सावकाश, चेंबरसमोर ठेवतो. त्यातल्या बहुतेक रायफलींना मॅगझिनच नसतं. ज्या आकाराची कीर्ती मॅगझिन नसलेल्या रायफलींनी केली, तो आकार आपण बर्फात, हातमोजे घालून, घाईत मॅगझिनमधून चेंबरमध्ये ढकलायला निघालो आहोत. डब्ल्यूएसएम वाईट काडतूस आहे असं मी म्हणत नाही. फीडिंगचा, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये सरकवण्याचा, विचार इथे दारूच्या मागून आला, एवढंच म्हणतो.

बाबांना व्हिडिओ कॉलवर मी एकदा दोन पुंगळ्या शेजारी शेजारी धरून दाखवल्या, एक जुनी .३०३ आणि एक डब्ल्यूएसएम. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोन जवळ घेतला आणि म्हणाले, “अरे, याला उतारच नाही. हे तर सरळ नळकांडं आहे. ही मॅगझिनमधून घालायची?”

“हो बाबा. तीन बसतात.”

“मग पेटी नीट मापात असली पाहिजे. पेटीवर कंजुषी केली की अडकणारच.”

आयुष्यभर पुंगळ्या बघितलेल्या माणसाला एका नजरेत दिसलं ते असं. .३०३ ची पुंगळी बुडाशी ११.७ मिलिमीटर आणि खांद्याशी सुमारे १०.२. म्हणजे पुढे जाताना ती दीड मिलिमीटरनं निमुळती होते. १९१२ सालचं .३७५ हॉलंड अँड हॉलंड बुडाशी १३ आणि खांद्याशी ११.४. लोण्यासारखं आत जाणारं काडतूस अशी त्याची ख्याती आहे, कारण त्याचं पुढचं टोक चेंबरच्या तोंडापेक्षा इतकं बारीक असतं की थोडं तिरकं आलं तरी ते आपोआप सरळ होतं. डब्ल्यूएसएम बुडाशी १४.१ आणि खांद्याशी १३.७. अर्ध्या मिलिमीटरचाही उतार नाही. ते आत जायचं तर जवळपास सरळच यावं लागतं. लाकडी कपाट दारातून आत नेताना जरा तिरकं झालं की कोपरा चौकटीला अडतो, तसाच खांद्याचा कोपरा चेंबरच्या काठाला अडतो. मग बोल्टवर कितीही जोर लावा.

आता पेटीची रुंदी. दोन रांगांच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकमेकांच्या खोबणीत, आळीपाळीनं डावी-उजवीकडे बसतात. तीन काडतुसांच्या मध्यबिंदूंचा समभुज त्रिकोण झाला की रचना सगळ्यात शांत बसते, आणि त्यासाठी पेटीची आतली रुंदी पुंगळीच्या व्यासाच्या १.८६६ पट लागते. .३०-०६ साठी हा हिशेब सव्वाबावीस मिलिमीटरच्या आसपास येतो, डब्ल्यूएसएमसाठी २६.३. चार मिलिमीटरचा फरक. माउझर या जर्मन रायफलींच्या जमान्यापासून चांगले कारखाने वेगवेगळ्या काडतुसांसाठी पेटीची मापं वेगळी ठेवत आले आहेत. पण आखूड बॉडी बहुतेकदा .३०८ च्या कुटुंबासाठी बेतलेली असते, आणि ते काडतूस .३०-०६ एवढंच जाड. त्याच बॉडीला खालून थोडं मोकळं करून डब्ल्यूएसएम बसवायचं म्हटलं की जागा कमी पडते. पेटी अरुंद राहिली की काडतुसं जवळजवळ एकावर एक चढतात. मग वरचं काडतूस रेलखाली (पेटीच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या बॉडीच्या कडेखाली) घट्ट दाबलं जात नाही, मधोमध सरकू पाहतं आणि बोल्ट त्याला ढकलतो तोवर ते कुठे असेल याचा भरवसा राहत नाही. पेटी प्रमाणाबाहेर रुंद केली तर उलटं होतं. खालचं काडतूस पाचरीसारखं दोघांत घुसतं आणि सगळा जोर बाजूच्या भिंतींवर घासण्यात जातो.

माझी रायफल या पहिल्या प्रकारातली निघाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिचीच .३०८ माझ्या एका सहकाऱ्याकडे आहे आणि ती उत्तम चालते. माझ्या रायफलीचा नेमही सुरेख होता. फ्लॅट टॉप्सच्या पठारावर, ऑक्टोबरच्या पहिल्या रायफल हंगामात, एका एल्क मादीला मी गोळी मारली. गोळी लागलेली दिसली. ती दोन पावलं चालून फर झाडांच्या कडेला उभी राहिली. मी बोल्ट ओढला, पुढे ढकलला आणि तो अर्ध्यावर थांबला. मागे घेऊन पुन्हा ढकलला, तर काडतुसाचं नाक डावीकडे तोंड करून चेंबरच्या काठावर टेकलेलं. मी ते बोटानं बाहेर काढेपर्यंत मादी झाडीत शिरली होती. ती आम्हाला सापडली, आतमध्ये थोड्याच अंतरावर, मेलेली. पण दुसरी गोळी वेळेवर सुटली असती तर ते अर्धं मिनिट तिला काढावं लागलं नसतं. ते मला अजून बोचतं.

घरी आल्यावर कामाच्या ठिकाणी करतो तेच केलं. नकली काडतुसं तयार केली. पुंगळी आणि गोळी खरी, दारू नाही, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नाही, आणि अंगाला आरपार भोक पाडलेलं, म्हणजे खऱ्या काडतुसांत मिसळायची भीती नाही. लांबी शिकारीच्या काडतुसाएवढीच, गोळीही त्याच आकाराची, कारण नाकाचा आकार बदलला की वागणूक बदलते. मग प्रत्येकाला जाड काळ्या मार्करनं पूर्ण रंगवलं, मॅगझिनमध्ये घातलं, बोल्ट चालवला आणि शाई कुठे खरवडली गेली ते भिंगातून पाहिलं. ही युक्ती कुणीही घरी करू शकतं आणि ती खोटं बोलत नाही.

शाईनं दोन गोष्टी सांगितल्या. उजवीकडच्या रेलमधून सुटणाऱ्या काडतुसांवर, खांदा आणि अंग जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, डाव्या बाजूला पितळ उघडं पडलं होतं. म्हणजे उजवी रेल काडतुसाचं बूड गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवत होती. नाक चेंबरच्या तोंडाशी पोचलं तरी मागचा भाग मोकळा होत नव्हता, त्यामुळे ते तिरकंच आत घुसू पाहत होतं. दुसरी गोष्ट शेवटच्या काडतुसाची. त्याच्या बुडाच्या खोबणीपुढे अंगावर चंद्रकोरीची खूण होती. तिथे बोल्टच्या तोंडाची खालची धार कडेला न लागता पुंगळीच्या पाठीवर चढली होती. बारीक कडेचा तोटा तो हा. कड अंगापेक्षा एकेका बाजूला पाव मिलिमीटर आत असते, म्हणजे बोल्टला ढकलण्यासाठी मिळणारी धार आधीच कमी. त्यात फॉलोअरची (काडतुसं खालून वर ढकलणाऱ्या पट्टीची) पुढची बाजू खाली कलली की बूड थोडं हललं तरी बोल्ट घसरतो.

हे सगळं घेऊन मी लव्हलंडजवळच्या एका वयस्कर गनस्मिथकडे, बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, गेलो. रंगवलेली काडतुसं त्यानं खिडकीशी नेऊन बघितली आणि लगेच रेल घासायला घेतली नाही, हे मला फार आवडलं. रेलचं लोखंड एकदा काढलं की परत लावता येत नाही. जास्त काढलं तर काडतूस मॅगझिनमधून उडी मारून बाहेर येतं आणि बॉडी भंगारात जाते. त्यानं आधी मॅगझिनची पेटी काढली. पातळ पत्र्याची होती आणि तिच्या भिंती आत वाकलेल्या होत्या, आतली रुंदी कागदावरच्या मापापेक्षाही कमी. त्यानं जास्त जाड पत्र्याची, मापात रुंद पेटी बसवली आणि तिच्यासाठी बॉडीच्या आतलं थोडं लोखंड मिलिंगवर काढलं. मग नवी स्प्रिंग, जिची पुढची वळणं जास्त ताठ, म्हणजे फॉलोअरचं नाक खाली जाणार नाही. एवढं झाल्यावर उजव्या रेलच्या पुढच्या टोकाला त्यानं दगडानं हलकेच हात फिरवला. दर दोन-चार घासांनंतर नकली काडतूस घालून बघायचा. शेवटी रॅम्पला (चेंबरकडे चढणाऱ्या उताराला) पॉलिश. “पॉलिश सगळेच करतात,” तो म्हणाला, “कारण त्यानं काही बिघडत नाही आणि बहुतेकदा काही सुधारतही नाही.” मला ते पटलं. गुळगुळीतपणा हा भूमितीला पर्याय नव्हे.

इथे हमखास एक वाद निघतो. माउझर पद्धतीत एक्स्ट्रॅक्टरचा मोठा पंजा काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड पकडतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. विन्चेस्टरच्या मॉडेल ७० मध्ये १९३६ ते १९६३ हीच पद्धत होती, १९६४ मध्ये कंपनीनं ती बदलली आणि शिकारी चिडले, नव्वदच्या दशकात ती परत आणली. दुसरीकडे रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीत बोल्ट काडतूस नुसतं पुढे ढकलतो आणि एक्स्ट्रॅक्टर शेवटच्या क्षणी कडेवर चढतो. माझं मत माउझर पद्धतीच्या बाजूनं झुकतं, कारण अर्धवट ढकललेलं काडतूस बोल्टबरोबर मागे येतं आणि दुसरं काडतूस त्याच्या पाठीत घुसत नाही. पण आखूड मॅग्नममध्ये पंजा हा रामबाण नाही. रेलनं काडतूस कड पंज्याखाली सरकण्याआधीच सोडलं तर ते पंज्याच्या पुढे पडतं, आणि पंजा कडेवरून उडी मारायला घडवलेला नसेल तर बोल्ट बंदच होत नाही. मूळ प्रश्न पुन्हा रेल आणि पेटीचाच.

मला जास्त भरवशाचा वाटतो तो तिसरा मार्ग, काडतूस मधोमध, चेंबरच्या रेषेत आणून ठेवणारं सुटं मॅगझिन. डावं-उजवं असा प्रकारच नाही, त्यामुळे तिरकं येण्याचं मुख्य कारण जातं. ब्राउनिंगच्या २००८ सालच्या एक्स-बोल्ट रायफलीत फिरतं मॅगझिन आहे आणि ते हेच करतं. जुन्या वळणाच्या शिकाऱ्यांना रायफलीखाली सुटं मॅगझिन आवडत नाही, हरवेल म्हणतात. मी जादा एक पाठीवरच्या पिशवीत ठेवेन, पण जाड काडतुसाला हीच व्यवस्था देईन.

आखूडपणाला मर्यादा आहे हे बाजारानंही पाहिलं. २००३ मध्ये आलेली डब्ल्यूएसएसएम, म्हणजे त्याहूनही बुटकी, तेवढीच जाड काडतुसं, फीडिंगच्या कटकटींसाठी नावाजली आणि लवकरच मागे पडली. उलट २००८ मध्ये रूगर आणि हॉर्नडी या कंपन्यांनी काढलेल्या कॉम्पॅक्ट मॅग्नमची कड आणि अंग एकाच मापाचं, ०.५३२ इंच, आणि खांदा ३० अंशांचा. ते काडतूस स्वतः फार चाललं नाही, पण त्याच पुंगळीवरून घडलेलं ६.५ पीआरसी आज इथल्या प्रत्येक दुकानात दिसतं. पुंगळी दोन-अडीच शतांश इंचानं बारीक केली, कड पूर्ण ठेवली, खांदा थोडा उतरता केला. ज्यांनी हे काडतूस आखलं त्यांनी मॅगझिन डोळ्यांपुढे ठेवलं होतं, असं मला त्याच्या मापांवरून वाटतं.

माझी डब्ल्यूएसएम मी विकली नाही. ती आता चालते. हळू, जोरात, आडवी धरून, मॅगझिन भरलेलं असताना आणि शेवटच्या काडतुसालाही. कोलोरॅडोत गाडीतून जाताना चेंबर रिकामं ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे गाडीतून उतरल्यावर पहिलं काडतूस मॅगझिनमधूनच वर येतं, आणि त्या वेळी मी मुद्दाम रायफल खांद्याला लावून, बोल्ट पूर्ण मागे ओढून चालवतो. हळुवार, अर्धवट ओढलेला बोल्ट पुढचं काडतूस उचलतच नाही.

.३०८ वाला सहकारी आता डब्ल्यूएसएम घ्यायच्या विचारात आहे. परवा कॅन्टीनमध्ये त्यानं दुर्बीण कुठली लावू म्हणून विचारलं. मी त्याला माझी तीन नकली काडतुसं आणि काळा मार्कर दिला, आणि दुकानदार मॅगझिन भरून बोल्ट चालवू देत नसेल तर ती रायफल घेऊ नकोस म्हणालो. काउंटरवर तिन्ही काडतुसं आत जाऊन बाहेर आली, कोपऱ्यावर पितळ दिसलं नाही, बुडापुढे चंद्रकोर उमटली नाही, की मग दुर्बिणीचं बोलू. शनिवारी आम्ही दोघं लव्हलंडला जाणार आहोत.